अक्तीचं लग्न

माझी मुलगी नऊ वर्षांची होती त्या उन्हाळ्यात मी घरचा हेडमास्तर होतो. शाळेत मी साधा सहशिक्षक, तिथे माझं कोणी फारसं मनावर घेत नाही. पण सुट्ट्या लागल्या की बायको सकाळचा स्वयंपाक आटोपून पुलापलीकडे भंडाऱ्याला पतसंस्थेत कामाला जायची आणि कारध्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि मी एवढेच उरायचो. मग माझं राज्य. मी मूळचाच तापट. मे महिन्यात तर बोलायलाच नको. बायको म्हणायची, बाहेरचं ऊन परवडलं, घरातलं नको.

मुलीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, गावोगावी दोन-चार घरं असतात. तरी सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक शिरांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूसही गुरासारखा ओरडतो. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. थंडगार पाण्याने अंग गारठलं तरी उठतं. म्हणजे उन्हात जायचं नाही आणि गारव्यातही फार जायचं नाही. आधीचे दोन उन्हाळे तिने दवाखान्याच्या खाटेवर काढले होते. दुसऱ्या खेपेला आजार छातीत उतरला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पुन्हा छातीत गेला तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही, दुखायला लागल्याबरोबर आणा, वाट पाहू नका. हे मी बायकोला सांगितलं. मुलीला सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात आम्हाला दुसरं काही नको होतं. पावसाळा लागेपर्यंत पोरगी धड राहिली पाहिजे, बस.

बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे बोलून दाखवायचीही गरज नसते. लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कोणी काढली नाही. घरचीच पोरगी, तिची पत्रिका काय पाहायची, असं सगळे म्हणाले. आजोबा बैठकीत मोठ्या ऐटीत बोलले होते की बाहेरच्यांचं रक्त कसं निघेल कोणाला माहीत, हे आपलं माहितीतलं रक्त आहे. लोकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्या माहितीतल्या रक्तात अर्धा आजार तिच्याकडे होता आणि अर्धा माझ्याकडे. मुलीच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. मुलगा वाचला, त्याच्यात अर्धाच आहे. आजोबांचा मला राग येत नाही. राग येतो तो त्या डोलणाऱ्या मानांचा, आणि त्यात माझीही होती.

तर माझ्या राज्यातले नियम. सकाळी नऊच्या पुढे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पाण्याची बाटली मुलीच्या गळ्यात, आणि ती संपली की मला दाखवायची. माठातलं पाणी चालेल, फ्रिजमधलं नाही. बर्फाचा गोळा नाही, कुल्फी नाही. गोळेवाल्याची घंटी गल्लीत वाजली की मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवायचो. धावायचं नाही, दम लागेल असं हसायचंसुद्धा नाही, असं मी एकदा म्हणालो होतो. मग तिघंही त्यावरच हसलो आणि मीच पहिला थांबलो.

पण पोरांना उन्हाळा हवाच असतो, आणि मला तो त्यांना द्यायचा होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसा फुंकून फुंकून देत होतो एवढंच. कूलरच्या ताट्यांमध्ये मी नवा वाळा भरून आणला. दुपारी दारं-खिडक्यांना ओले पडदे लावून अंधार केला की खोलीत त्या वाळ्याचा वास भरायचा. मुलगा कूलरच्या तोंडाशी बसून जाळीत आऽऽ करायचा आणि त्याचा आवाज थरथरत बाहेर पडायचा. मुलीला मी बाजूला, भिंतीकडे निजवायचो, झोत अंगावर येणार नाही असं. ती तिथूनच त्याला सांगायची, आता गाणं म्हण, आता माझं नाव घे. तो तिचं नाव घ्यायचा आणि ते नाव तुकडे तुकडे होऊन खोलीभर फिरायचं. तेवढ्याने दोघं लोळून हसायची.

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात मुलाला डुंबायला मिळायचं. मुलीसाठी मी सकाळीच दोन बादल्या उन्हात भरून ठेवायचो. दुपार उतरली की ते पाणी कोमट झालेलं असायचं, त्यात ती पाय सोडून बसायची आणि भावाच्या डोक्यावर तांब्या ओतायची. शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या त्या दिवशी दोघांनी वाटी वाटी गरम चीक साखर घालून खाल्ला. मुलाने पोट धरून दुपारभर लोळण घेतली आणि संध्याकाळी पुन्हा चीक मागितला. नदीच्या वाळूत पूर्वी डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या असायच्या, आम्ही लहानपणी तिथे बसून डांगरं फोडून खायचो. धरणाचं पाणी पसरलं तेव्हापासून वाळूच दिसत नाही. तरी मी पुलावरच्या गाडीवरून डांगर आणायचो आणि नदीकाठच्या गोष्टी सांगत कापायचो. मुलगी बिया धुऊन उन्हात वाळवायची, तिच्या बाहुलीला आहेर म्हणून.

बाहुलीचं लग्न हे त्या उन्हाळ्याचं मोठं कार्य होतं. काकूंची नात नाकाडोंगरीहून सुट्टीला आली होती, माझ्या मुलीच्याच वयाची. येताना तिने पिशवीभर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणि फडक्यात बांधलेली चारं आणली होती. दोघी उंबऱ्यावर बसून वरवंट्याने चारं फोडायच्या आणि आतली चारोळी खायच्या. बसल्या बसल्या सोयरीक निघाली. नातीकडे बाहुला होता, आमच्याकडे बाहुली. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. आमच्याकडे तिला अक्ती म्हणतात. अक्तीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तोवर पिकला आंबा कोणी तोंडाला लावत नाही. आणि अक्तीलाच पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. मोठ्या बायकाही त्यात खोटं खोटं म्हणत खऱ्यासारख्या रमतात.

पाहुणे मुलगी पाहायला आले तो रविवार होता, बायको घरी होती. काकू नवरदेवाची आजी झाल्या होत्या, पदर नीट घेऊन आमच्या सतरंजीवर बसल्या होत्या. माझी मुलगी नवरीची आई. तिने बायकोची ओढणी साडीसारखी गुंडाळली होती. बायकोने खरे पोहे केले. काकूंनी रीतीप्रमाणे विचारलं, पोरीला स्वयंपाक येतो का, शेतात जाईल का. मुलीने सगळ्याला हो म्हटलं. मग तिने ओढणी सावरली आणि आपल्या बाजूचा प्रश्न विचारला.

"पोराचं रक्त तपासलं काय?"

काकू हसल्या. त्यांना वाटलं पोर काहीतरी बोलली. मुलीने त्यांना समजावून सांगितलं, अगदी थांबून थांबून, जसं मी वर्गात सांगतो.

"सिकलसेलचं म्हणून राहिली मी. आमच्या पोरीत अर्धं हाय. पोरात बी अर्धं असलं तं लगन नाई जमत, आजी. लेकरायले त्रास होते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहत होतो. त्यांच्या नातीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने बाहुला उलटा केला, शिवण बोटाने दाबून पाहिली आणि सांगितलं, "आमच्या पोराच्या अंगात कापूस हाय. रक्तच नाई."

"मंग जमलं," मुलगी म्हणाली. "सुपारी फोडा."

बायको उठून आत गेली. मोरीवरचा नळ बराच वेळ चालू होता. मागाहून तिने मला विचारलं की हिला हे कोणी सांगितलं. कोणी कशाला सांगायला हवं? दवाखान्याच्या भिंतीवर चित्रासकट लिहिलेलं असतं, माझ्या शाळेच्या व्हरांड्यातही तेच चित्र मीच खिळे ठोकून लावलं आहे. पोरगी वाचायला हुशार होती. आई-बापाची सोयरीक का जमायला नको होती हे तिने वाचून काढलं होतं, आणि त्यावर ती आमच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. बाहुलीच्या निमित्ताने बोलली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली नाही, मला भीती वाटली. एवढं सगळं जी पोटात ठेवते ती आणखी काय ठेवत असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला होता. आला आणि गेला. लग्नाची घाई होती.

मांडव मी घातला. चार काठ्या रोवून वर जांभळीच्या डहाळ्या टाकल्या. मुलाकडे बाजा होता, म्हणजे तेलाचा रिकामा पिपा. अक्तीच्या आदल्या दिवशी हळद झाली. बाहुलीला लावून उरलेली हळद पोरींनी एकमेकींच्या तोंडाला फासली, मुलाच्याही, माझ्याही. मुलीने तर कपाळापासून गळ्यापर्यंत थापली. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा आम्ही सगळेच पिवळे दिसत होतो. बायकोने एक एक चेहरा पाहिला आणि हसली. तिच्या हसण्याचा मला किती आनंद झाला होता. एरवी कामावरून आली की चप्पल काढण्याआधी ती मुलीची खालची पापणी ओढून डोळा किती पिवळा आहे ते पाहायची. त्या दिवशी पाहिलं नाही. हळदीने माखलेल्या तोंडावर कोण काय पाहणार?

अक्तीच्या सकाळी मुलीने मला विचारलं की लग्न सकाळीच लावता येईल का. मी म्हणालो, ऊन उतरल्यावर लावू, घाई कशाला. ठीक आहे म्हणाली. तोंडावरची हळद लग्न लागेपर्यंत धुवायची नाही म्हणून तिने तशीच ठेवली होती. बायकोने घागर भरली, पितरांना नैवेद्य दाखवला आणि त्या उन्हाळ्यातला पहिला रस ताटात वाढला. महिनाभर त्या रसाची वाट पाहणारी मुलगी ताटावर बसली नाही. तिने सांगितलं की तिचा उपास आहे. नवरीच्या आई-बापाने लग्न लागेपर्यंत जेवायचं नसतं. आमच्याकडे ती रीतच आहे. खऱ्या लग्नात कन्यादान होईपर्यंत मुलीचे आई-बाप उपाशी राहतात.

मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. बायको म्हणाली, निदान थोडा तरी रस घे. तर मुलगी म्हणाली, रीत म्हणजे रीत. काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या की अशी आई शोधून सापडायची नाही. एरवी एक घास कमी खाल्ला तरी मी आकाशपाताळ एक करायचो, त्या दिवशी मी मिशीत हसत तिच्या वाट्याचा रस झाकून ठेवला. पाणी मात्र प्यायचंच, असं बजावलं. तिने मान हलवली. दुपारी बाटली रिकामी करून दाखवली, पुन्हा भरून दिली, तीही रिकामी दाखवली. मी निश्चिंत झालो. एका पोरीने चार लोकांना कसं गुंडाळलं ते आता लिहिताना दिसतं. तेव्हा तो फक्त एक चांगला दिवस होता. खरं सांगायचं तर, आयुष्यातला एक फार चांगला दिवस.

ऊन उतरल्यावर लग्न लागलं. गल्लीतल्या बायका, पोरं, कोणाच्या कडेवरची बाळं अशी बरीच माणसं जमली. अंतरपाट म्हणून माझा टॉवेल धरला होता. मंगलाष्टकं मीच म्हटली, अर्धी आठवून आणि अर्धी जुळवून. त्यात काकूंच्या कुरडयांचा उल्लेख आला तेव्हा सगळे हसले. मुलाने पिपा बडवून बडवून गल्ली डोक्यावर घेतली. मुलगी मांडवाच्या काठीला धरून उभी होती. अक्षता पडल्या, डांगराच्या बियांचा आहेर झाला. मग पाठवणीची वेळ आली. मुलीने बाहुली उचलून नातीच्या ओटीत घातली आणि ती रडायला लागली.

इतकं खरं रडू मी कुठल्या खऱ्या लग्नात पाहिलं नाही. ती वाकली, दोन्ही हातांनी काठी धरून खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणी म्हणालं, किती हुबेहूब करते. काकूंचे डोळे खरोखरच भरून आले, त्यांना स्वतःच्या लेकीची पाठवणी आठवली असावी. मी हातात टॉवेल घेऊन कौतुकाने उभा होतो. वरात कुंपणापलीकडे गेली, पिपा थांबला, बायका पांगल्या. मुलगी रडतच होती. बायको तिच्याजवळ गेली आणि तिने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तो हात तिने झटक्याने कपाळावर नेला, हळद पुसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "गाडी आणा."

अंग भाजत होतं. श्वास घेताना ती बरगड्या हाताने दाबून धरत होती. शेजाऱ्याच्या गाडीतून पुलावरून जाताना मी तिला विचारलं, कधीपासून दुखतं. तिने आईकडे मान वळवली. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाली, हळदीच्या आधीपासून. मी मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. मला राग आला. तोंडातून निघून गेलं, काहून नाही सांगितलं. मी ओरडलोच असणार, कारण गाडी चालवणाऱ्याने मागे वळून पाहिलं.

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी लगन होऊच देलं नसतं, बाबा."

मी नसतंच होऊ दिलं. मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि नदी संपायची वाट पाहत राहिलो.

भंडाऱ्याला ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, आणि छातीचा फोटो पाहून नागपूरला न्यायला सांगितलं. नागपुरात तिने एकदा डोळे उघडून विचारलं की बाहुली सासरी नीट आहे का. बायकोने सांगितलं, नीट आहे, जेवली आहे. नंतर तोंडात नळी घातली, मग बोलणं झालं नाही. डॉक्टरांनी करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अक्तीनंतरच्या त्याच आठवड्यात आम्ही तिला घरी आणलं. मांडवाच्या डहाळ्या अजून दारात होत्या, पानं वाळून गेली होती. खऱ्या कामासाठी अंगण लागणार म्हणून कोणीतरी काठ्या उपटून भिंतीला लावून ठेवल्या.

भेटायला माणसं आली. देवाची मर्जी म्हणाले, सुटली बिचारी म्हणाले. सुटली म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाला मी हाताला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं. लोकांना ते आवडलं नाही. न आवडू दे. तिला सुटायचं नव्हतं. तिला पाठवणी करायची होती, दुसऱ्या दिवशी व्याह्यांना जेवायला बोलवायचं होतं. ते आमंत्रण तिने काकूंना आधीच देऊन ठेवलं होतं.

मुलाला त्या दिवसांत काकूंनी सांभाळलं. तो फारसा रडला नाही. पुढे शाळा सुरू व्हायच्या आधी, एका दुपारी, तो आपणहून बोलला. मी जमिनीवर पडलो होतो, तो कूलरजवळ बसला होता. आता तो जाळीत आवाज काढत नसे. त्याने सांगितलं की बाटलीतलं पाणी तो प्यायला होता. ताईला गिळवत नव्हतं, म्हणून ती म्हणाली तू पी आणि बाबाला रिकामी दाखवू. तो पोट फुटेपर्यंत प्यायला. झाकून ठेवलेला रसही तिने त्यालाच दिला होता, कोणाला सांगणार नाही या बोलीवर. तिने त्याच्याकडून गळ्याची शपथ घेतली होती. शपथ मोडली तर ताई मरते असं त्याला वाटत होतं. त्याने ती मोडली नाही, तरी ती मेली, हे त्याला उलगडत नव्हतं. ते तो मला विचारत होता, गणित अडलं की विचारतो तसं.

मी त्याला जवळ घेऊन सांगितलं की यात तुझं काही नाही. खूप वेळा सांगितलं. अजून सांगतो. त्याने ते किती मनावर घेतलं आहे हे मला कळत नाही. शिक्षक म्हणून एवढं जाणतो की मान हलवली म्हणजे समजलं असं नसतं.

त्यानंतर त्याला एक सवय लागली. तो घरात प्रत्येकाला विचारत फिरतो, काही दुखतं का म्हणून. आईला विचारतो, काकूंना विचारतो, सुट्टीला आलेल्या नातीला विचारतो. दूधवाल्यालाही एकदा विचारलं, तो हसला. काकूंनी त्याला दृष्ट लागली म्हणून मिरच्या उतरवल्या. बायको त्याला काही म्हणत नाही. ती विचारल्याबरोबर खरं काय ते सांगते, कंबर दुखते, डोकं दुखतं, आणि तो ऐकून घेऊन जातो.

या उन्हाळ्यात तो आठ वर्षांचा झाला. परवा दुपारी जेवण झाल्यावर मी पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो होतो. तो येऊन उशाशी बसला. कूलरमधलं पाणी संपल्याने नुसती गरम हवा येत होती, दोघांनाही उठायचा कंटाळा होता. त्याने पेपर माझ्या तोंडावरून बाजूला केला.

"बाबा, तुमचं काई दुखून राहिलं का?"

मी नाही म्हणालो.

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "ताई बी नाईच म्हणे."

मी उठून बसलो. त्याला मांडीवर घ्यायला आता तो मोठा झाला आहे, तरी घेतलं, आणि सांगितलं की हो, दुखतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.